उंच वाफा निवडताना : गुडघे, काठी आणि व्हीलचेअर सांभाळून बागकाम

उंच वाफा म्हणजे जमिनीच्या वर, बांधीव भिंतींवर किंवा टेबलासारख्या पायांवर उभा केलेला मातीचा वाफा. खाली वाकावं लागत नाही, उकिडवं बसावं लागत नाही, आणि काठी, वॉकर किंवा व्हीलचेअर असली तरी हात मातीपर्यंत पोचतो. नर्सरीवाले याला ‘रेझ्ड बेड’ किंवा नुसतं ‘प्लँटर’ म्हणतात. हल्ली तयारही मिळतो, वेल्डरकडून किंवा सुताराकडून करूनही घेता येतो. पण दुकानात जो छान दिसतो तो आपल्याला चालेलच असं नाही. तो कसा निवडायचा, एवढंच या लेखात सांगणार आहे.

मी नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, आता निवृत्त, सत्तरी ओलांडलेली. नोकरीची बरीच वर्षं ओमानमधल्या इब्रीत गेली. मुलगी अजून तिथेच नोकरीला आहे, म्हणून ऑक्टोबर ते मार्च मी तिच्याकडे असते आणि उरलेले महिने ठाण्याला. इब्रीत भाजी लावायचे महिने हेच. उन्हाळ्यात तिथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, कधी वरही, तेव्हा दुपारी अंगणात पाऊल टाकवत नाही.

इब्री मस्कतपासून साधारण ३०० किलोमीटर, डोंगरांच्या पलीकडे, अद-धाहिरा प्रांतात. वाळवंट जवळ असलं तरी गाव खजुरांच्या बागांनी भरलेलं आहे. बागांना पाणी येतं ‘फलज’मधून. फलज म्हणजे जमिनीखालचं पाणी उताराने गावापर्यंत आणणारा पाट. ओमानातले असे पाच फलज २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. पाण्याची वाटणी वेळेवर होते, ज्याची पाळी त्याच्या बागेत पाणी. अलिबाग, नवगाव, रेवदंड्याकडे ज्यांनी लहानपणी वाडीतलं शिंपणं पाहिलंय, रहाटाचं पाणी पाटातून माडापोफळींच्या आळ्यांत सोडलेलं पाहिलंय, त्यांना इब्रीच्या बागेत परकं वाटणार नाही. मला तरी वाटलं नाही.

आमच्या शेजारी एक ओमानी आजोबा आहेत. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला मानाने ‘वालिद’ म्हणतात, आम्हीही तसंच म्हणतो. जन्मभर खजुरांची बाग केली, फलजच्या पाळ्या सांभाळल्या. मग अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, व्हीलचेअर आली. मुलं प्रेमळ. त्यांनी अंगणात सिमेंटच्या ब्लॉकचा, ६० सेंटिमीटर उंचीचा छान वाफा बांधून दिला, चांगली माती भरली. वालिद तीनचार दिवस गेले आणि मग जायचे थांबले. घरचे म्हणू लागले, आता त्यांचं मन लागत नाही कशात. अर्धांगानंतर उदासी येते हे खरं, पण मी एकदा ते वाफ्याजवळ असताना पाहिलं आणि कारण दुसरंच निघालं. भिंत भरीव होती, गुडघे आत जायला जागाच नव्हती. त्यामुळे खुर्ची वाफ्याला समांतर लावायची आणि कमरेत वळून काम करायचं. त्यातही खुर्ची अशी लावलेली की वाफ्याकडे त्यांची निकामी उजवी बाजू. धड हात दूर आणि लुळा हात जवळ! पहिला उपाय फुकटचा होता. खुर्ची उलट दिशेने फिरवली आणि डावा हात वाफ्याकडे आला. त्या दिवशी त्यांनी अर्धा तास काम केलं. दुसरा उपाय वेल्डरकडे करावा लागला. तो पुढे सांगते, कारण सगळ्या मापांचा गाभा त्यात आहे.

आधी आपलं माप, मग वाफ्याचं

वाफा घ्यायच्या आधी ठरवा की तुम्ही काम उभं राहून करणार, खुर्चीत बसून करणार, की व्हीलचेअरमधून. ठरवताना आपला चांगला दिवस धरू नका, वाईट दिवस धरा. सकाळी गुडघे आखडलेले असतात, पाय सुजलेले असतात, त्या दिवशी किती वेळ उभं राहवतं? दहा मिनिटांच्या आत टेकावंसं वाटत असेल तर बसून करायचाच वाफा घ्या. उभ्याचा वाफा घेऊन मग त्यापाशी स्टूल ओढण्यात अर्थ नाही, उंची चुकते.

उभं राहून काम करणाऱ्यांना सोपं माप घरातच आहे, स्वयंपाकाचा ओटा. ज्या ओट्यावर तुम्ही खांदे न उचलता, कंबर न वाकवता भाजी चिरता, तीच मातीची उंची ठेवा. आपल्या बायकांना बहुधा ८० ते ८५ सेंटिमीटर बरोबर बसते. उंच पुरुषांना ९० लागेल. नवराबायको दोघं करणार असतील तर बुटक्या माणसाचं माप धरा. उंच माणसाला थोडं वाकणं जमतं, बुटक्याला हात सतत वर धरून काम करणं जमत नाही, खांदे भरून येतात. आणि ओट्याखाली पावलं जायला जशी खाच असते तशी वाफ्याच्या तळाशी दहाएक सेंटिमीटर खाच हवी. ती नसेल तर माणूस लांब उभा राहतो आणि पुढे झुकतो, मग पाठ धरते.

झाडाची उंची मातीच्या वर मोजायची, हे बरेच जण विसरतात. ८० सेंटिमीटरच्या वाफ्यात टोमॅटो लावला आणि तो मीटरभर वाढला की शेंडा तुमच्या डोक्याच्या वर. उंच वाफ्यात बुटकी झाडं, आणि उंच वाढणारी झाडं बुटक्या कुंडीत, असं साधं गणित ठेवा.

साध्या खुर्चीत बसून, वाफ्याच्या बाजूला राहून काम करायचं तर काठ ४५ ते ६० सेंटिमीटरवर पुरे. काही जण बांधीव वाफ्याचा काठच रुंद, २५-३० सेंटिमीटरचा करून घेतात आणि त्यावर बसतात. कल्पना चांगली आहे, पण ज्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी असं बसताना जपावं. खुब्याचा सांधा बदलल्यावर सुरुवातीचे महिने खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नका असं बहुतेक सर्जन सांगतात. म्हणजे बसायची जागा गुडघ्यापेक्षा खाली नको आणि बसल्याबसल्या पायांकडे वाकणंही नको. तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आधी विचारा.

व्हीलचेअरचा वाफा

इथे बाजारात सर्वांत जास्त फसगत होते. वाफ्याखाली गुडघे जायला मोकळी जागा हवी हे आता सगळ्यांना माहीत आहे. अपंगांसाठीच्या नियमावल्यांमध्ये ही जागा साधारण ६८ ते ७० सेंटिमीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर रुंद सांगितलेली असते. मग दुकानदार ७० सेंटिमीटरच्या पायांवर २५ सेंटिमीटर खोल पेटी ठेवतो आणि ‘व्हीलचेअरचा प्लँटर’ म्हणून विकतो. बेरीज करा. काठ ९५ सेंटिमीटरवर गेला. व्हीलचेअरमध्ये बसलेल्या माणसाचं कोपर जमिनीपासून ७० सेंटिमीटरच्या आसपास असतं. म्हणजे गुडघे आत गेले खरे, पण हात छातीच्या वर उचलून काम करायचं. पाच मिनिटांत दंड दुखतात. पेसमेकर, फ्रोझन शोल्डर किंवा छातीचं ऑपरेशन झालेल्यांना तर हे नकोच.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकदम करायचे. पहिला, नियमावलीतला आकडा सर्वांसाठी असतो, त्यात उंच माणूसही बसायला हवा. तुम्हाला तुमच्या गुडघ्याचं माप पुरे. व्हीलचेअरमध्ये बसून, पाय पायपट्टीवर ठेवून, जमिनीपासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत मोजा आणि त्यात तीनचार सेंटिमीटर मिळवा. आपल्याकडच्या कितीतरी जणांचं हे माप ६० ते ६२ येतं. दुसरा, पेटी पुढच्या बाजूला, म्हणजे मांड्यांच्या वर, उथळ ठेवायची आणि पलीकडे, पावलांच्याही पुढे, खोल करायची. तळ तिरका येतो. पुढे १२-१५ सेंटिमीटर मातीत कोथिंबीर, मेथी, पुदिना छान येतात, मागच्या खोल भागात मिरची, वांगं.

वालिदसाठी हेच केलं. गुडघा ६१ आला, मोकळी जागा ६५ ठेवली, पुढची पेटी १३ सेंटिमीटर खोल. काठ ७८ वर आला. वेल्डरला वाटलं की तळ तिरका म्हणजे काम बिघडलं, त्याला कागदावर काढून द्यावं लागलं.

रुंदीची जागा ७५ सेंटिमीटर हवीच, आणि पाय टेबलाच्या चार कोपऱ्यांना असावेत, मध्ये आडवी पट्टी नको. गुडघे अडतात आणि मधुमेह असलेल्यांना लागलेलं कळतसुद्धा नाही. खुर्चीचे हात पूर्ण लांबीचे असतील तर ते काठाला अडतील. पुढून आखूड असलेले किंवा निघणारे हात मिळतात, ते बघा.

ज्यांना गुडघे आत घालता येत नाहीत त्यांनी वालिदच्या पहिल्या वाफ्यासारखा, बाजूने काम करायचा वाफा घ्यायला हरकत नाही, मात्र दहापंधरा मिनिटांसाठी आणि धडकी बाजू वाफ्याकडे ठेवून. मणक्याचा त्रास असलेल्यांना मी तो सुचवणार नाही.

पैसे देण्याआधी एक परीक्षा करा. जेवणाच्या टेबलाशी खुर्ची किंवा व्हीलचेअर घेऊन बसा. टेबलावर पुस्तकं किंवा खोके रचा, जितका वाफ्याचा काठ असणार तितक्या उंचीपर्यंत. त्यावर ताट ठेवून पंधरा मिनिटं मेथी निवडा. खांदे, मान, मनगट काय म्हणतात ते बघा. खोका काढला की बरं वाटतं? मग तेवढी उंची कमी करा. या परीक्षेला एक जुडी मेथी लागते, बाकी खर्च नाही.

हात किती लांब जातो

पाठ खुर्चीला टेकलेली ठेवून हात पुढे करा. बोटं पोचतात तिथपर्यंतच तुमची बाग. एका बाजूनेच जाता येत असेल, म्हणजे वाफा भिंतीला लागून असेल, तर रुंदी ५० ते ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर १०० ते १२०. व्हीलचेअरवाल्यांनी दोन्हींत कमीतलं माप धरावं. मधल्या पट्ट्यात हात पोचत नसेल तर तिथे तण माजतं आणि ते काढायला माणूस अर्धवट उठून ओणवा होतो. पडण्याचे किती तरी प्रकार असेच, ‘एवढंच काढते’ म्हणत होतात. वॉर्डात मी मोडलेल्या खुब्यांच्या कहाण्या ऐकल्या, त्यांतल्या निम्म्या त्या ‘एवढंच’वर येऊन थांबायच्या.

वाफ्याभोवतीची वाट ९० सेंटिमीटर तरी रुंद आणि सपाट हवी. व्हीलचेअर वळवायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं. इब्रीतल्या अंगणांत वाळू किंवा खडी असते, त्यात वॉकरचे पाय रुततात, म्हणून तिकडे वाफ्याभोवती इंटरलॉक फरशी टाकून घेतात. कोकणातल्या घरी शेणाने सारवलेलं अंगण पावसाळ्यात निसरडं होतं, तिथे खरबरीत शहाबादी फरशी बरी. पाण्याचा पाइप वाटेत आडवा कधीच सोडू नये.

माती किती, वजन किती

पालेभाज्यांना १५ ते २० सेंटिमीटर माती पुरते. मुळा, गाजर, मिरचीला २५ ते ३०. टोमॅटो, वांग्याला ३० ते ४५ मिळाली तर उत्तम. याहून खोल पेटी घ्यायचं कारण नाही, उगाच वजन वाढतं.

वजनाचा विचार मुंबई-ठाण्यातल्या फ्लॅटवाल्यांनी आणि इस्राएलात बाल्कनीत झाडं लावणाऱ्यांनी नीट करावा. १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद, २५ खोल पेटीत १५० लिटर माती बसते. साधी बागेची माती पाणी पिऊन झाली की लिटरला दीड किलोच्या वर जाते. म्हणजे एवढ्याशा जागेवर २५० किलो, पेटीचं वजन वेगळं. भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये राहत्या घराची बाल्कनी साधारण ३०० किलो प्रति चौरस मीटर भार धरून आखलेली असते. आपल्या पेटीखालची जागा ०.६ चौरस मीटर, म्हणजे तिथे चौरस मीटरला ४०० किलोहून जास्त भार पडतो. आणि ही झाली नव्या, नीट बांधलेल्या इमारतीची गोष्ट. जुन्या चाळींच्या लाकडी गॅलरीत असला वाफा ठेवूच नका.

म्हणून बाल्कनीसाठी हलकी माती करा : कोकोपीट, गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत, आणि थोडीच लाल माती. ही ओली झाली तरी लिटरला किलोच्या आतबाहेर राहते, म्हणजे तीच पेटी १२० ते १५० किलोची होते. ती बाल्कनीच्या कठड्याकडे न ठेवता घराच्या भिंतीकडे ठेवा, पायांखाली फळी किंवा फरशीचे तुकडे घाला म्हणजे भार पसरेल. इमारत जुनी असेल तर सोसायटीच्या इंजिनिअरला विचारा. खिडकीच्या ग्रिलमध्ये जड कुंड्या टांगणाऱ्यांबद्दल न लिहिलेलंच बरं!

पेटीच्या तळाशी बोटाएवढ्या भोकांची रांग हवी, त्यावर जाळी किंवा जुनी सुती चादर. पूर्वीपासून तळाला विटांचे तुकडे, खडी घालायची पद्धत आहे. त्याने निचरा सुधारत नाही, उलट मातीची जागा जाते आणि वजन वाढतं.

लाकूड, लोखंड, प्लास्टिक, ब्लॉक

इब्रीच्या उन्हाने मला हे सगळं शिकवलं. एप्रिलनंतर तिथे उघड्या पत्र्याच्या काठाला हात लावला तर भाजतो. ज्यांच्या हातापायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे त्यांना भाजलेलं उशिरा कळतं आणि जखम भरत नाही. म्हणून जस्त चढवलेला पत्रा घ्यायचा तर काठावर लाकडी पट्टी किंवा रबर बसवून घ्या आणि बाहेरून पांढरा रंग द्या. उन्हात पेटीची मातीही तापते, मुळं शिजतात, पांढऱ्या रंगाने फरक पडतो.

लाकूड हाताला सुखद, पण ओमानात काय आणि कोकणात काय, वाळवी आहेच. पाय थेट मातीत नकोत, फरशीवर ठेवा. सागवान टिकतं आणि परवडत नाही. मालवाहतुकीच्या जुन्या लाकडी पॅलेटचे वाफे हल्ली खूप होतात. पॅलेटवर शिक्का असतो, त्यात ‘एचटी’ अक्षरं असतील तर ते लाकूड उष्णतेने शुद्ध केलेलं, चालेल. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेलं, ते घेऊ नका. रेल्वेचे जुने स्लीपर तेलकट औषधात मुरवलेले असतात, भाजीसाठी तेही नकोत. ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापून वाफा करणाऱ्यांना तर हात जोडते.

निळ्या प्लास्टिकच्या ड्रमचे उभे अर्धे भाग स्वस्त आणि हलके पडतात. आधी त्यात काय भरलं होतं ते नक्की माहीत असेल तरच घ्या, केमिकलचा ड्रम धुऊन शुद्ध होत नाही. कापलेली धार घासून, वर पाइप चिरून बसवा. वयाने कातडी कागदासारखी होते, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर एवढ्याशा ओरखड्यानेही चादर लाल होते.

ब्लॉकचा बांधीव वाफा भक्कम, टेकायला चांगला, पण एकदा बांधला की उंची बदलत नाही. ज्यांची तब्येत दोन वर्षांत बदलू शकते, पार्किन्सन्स असेल, संधिवात वाढता असेल, त्यांनी पाय बदलता येतील असा टेबलाचा वाफा घ्यावा हे माझं मत.

चाकांच्या वाफ्याबद्दल थोडं. ऊन फिरेल तसा सरकवता येतो म्हणून लोकांना आवडतो. पण उठताना आपण जे जवळ असेल त्याचा आधार घेतो. तो आधार सरकला की संपलं. तोल जाणाऱ्या माणसाच्या घरी चाकं नकोत, लॉकवालीसुद्धा नकोत, कारण लॉक लावायला वाकावं लागतं आणि ते राहून जातं.

आणि डोळे! वाफा उंच झाला की वेलींच्या आधाराच्या काठ्यांची टोकं बरोबर चेहऱ्याच्या उंचीवर येतात. माणूस खाली बघत पुढे झुकतो. प्रत्येक काठीच्या टोकावर जुना चेंडू किंवा प्लास्टिकची छोटी बाटली उपडी घाला. मोतीबिंदू, काचबिंदूवाल्यांनी वाफ्याच्या काठाला पिवळी चिकटपट्टी लावली तर काठ ठळक दिसतो.

पाणी

भरलेली दहा लिटरची झारी म्हणजे दहा किलो. ती उंच वाफ्यावर उचलायची म्हणजे खांद्याची परीक्षा. दोन लिटरचा हलका जग घ्या आणि दोनदा जा. मघाच्या पेटीला हिवाळ्यात रोज दोनतीन लिटर पाणी पुरतं, कडक उन्हात दुप्पट लागतं. वर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं की ओल टिकते. दुपारच्या उन्हाला पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा, ती झाडांसाठी जितकी तितकीच तुमच्यासाठी.

ठिबकचा छोटा संच लावला तर फार सोय. ठिबकचं नाव निघालं की आपल्या बेअर शेवाच्या नातेवाईकांना अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर १९६५ साली बेअर शेवाजवळच्या हात्झेरीम किबुत्झात नेटाफिम कंपनी सुरू झाली. आपल्याकडे जळगावच्या जैन इरिगेशनचे संच मिळतात. नळाला टायमर लावून घ्या. शब्बाथला झाडांना पाणी घालत नाही अशी ज्यांची घरं आहेत त्यांना शुक्रवारी संध्याकाळच्या आधी टायमर लावून ठेवता येतो. हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ आली तरी झाडं वाळत नाहीत.

तळाशी पाण्याची टाकी असलेले ‘सेल्फ वॉटरिंग’ प्लँटरही मिळतात. ठाण्यात ठीक. पण जिथे पाणी खारं आहे तिथे क्षार वर चढून मातीवर पांढरी साय धरते. तशी दिसली की महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी सोडून खालून निथळू द्या. पावसाळ्यात खालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासा, डेंगीचे डास तिथेच अंडी घालतात. निथळलेलं पाणी खालच्या गॅलरीत पडून भांडणं होतात, ती वेगळीच.

माती हाताळताना

कोकोपीट किंवा खताची पिशवी कोरडी फाडून तोंडाजवळ उपडी करू नये. त्या धुळीतून लेजिओनेला जातीचे जंतू फुप्फुसात जाऊ शकतात, म्हाताऱ्या माणसांना त्याने न्यूमोनिया होतो. पिशवीला छोटं भोक पाडून आधी पाणी ओता, मास्क लावा, मग उघडा. हातमोजे नेहमी घाला. मधुमेह असलेल्यांनी पावसाळ्यात ओल्या मातीत उघड्या जखमेने किंवा अनवाणी जाऊ नये. मेलिऑइडोसिस नावाचा मातीतून होणारा गंभीर आजार पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः उडुपी-मंगळूर भागात, मधुमेहींमध्ये आढळतो. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर डॉक्टरांना विचारा.

बीपीच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हात काम टाळावं, सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर करावं, पाण्याची बाटली वाफ्यावरच ठेवावी. पाणी किती प्यायचं यावर डॉक्टरांनी बंधन घातलं असेल तर ते पाळावं. खुर्चीतून उठताना एकदम उठू नका. पाय हलवा, मिनिटभर थांबा, मग उठा. मोबाइल खिशात असू द्या. घरात ठेवलेला फोन पडलेल्या माणसाच्या कामाचा नाही.

काय लावायचं

इब्रीत ऑक्टोबर ते मार्च कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, लाल माठ सगळं येतं. वालिद जर्जीर लावतात. ही तिखटसर पाल्याची भाजी ओमानी जेवणात कच्ची खातात, महिनाभरात तोडायला येते. पहिल्या वाफ्याला मुळा किंवा मेथी लावा, चारपाच दिवसांत कोंब दिसतात आणि हुरूप येतो. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यानंतर हेच सगळं, शिवाय सब्जा, गवती चहा, ओवा बारा महिने. आमच्याकडे वडीला आणि आमटीला लागेल एवढी कोथिंबीर आता विकत आणावी लागत नाही.

वालिद आता रोज सकाळी वाफ्याशी असतात. फलजची पाळी मुलगा सांभाळतो, पण या वाफ्याला पाणी कधी घालायचं ते वालिद ठरवतात आणि मुलांनी विचारल्याशिवाय एक थेंब घातलेला त्यांना चालत नाही.

वेल्डरकडे किंवा सुताराकडे जाताना कागदावर चार माप लिहून न्या : काठाची उंची, गुडघ्यांसाठी मोकळ्या जागेची उंची, तिची रुंदी, आणि तुमचा हात पोचतो ते अंतर. त्यांच्यापुढे ‘साधारण’ हा शब्द वापरू नका, त्यांचं साधारण पाच सेंटिमीटरचं असतं. आणि उभ्याचं माप घेणार असाल तर बागेत घालायच्या चपला घालूनच घ्या. घरात अनवाणी घेतलेलं माप बाहेर गेल्यावर दोन सेंटिमीटरने चुकतं.